तात्यांचा पंचा

तात्या, जान्हवीची फायनल झाली. निकाल शेवटी सांगते. कुणी लढत खेळून आलं की आम्ही मुली दारातच विचारायचो, "जिंकलीस?" आणि तुम्ही आतल्या बाकड्यावरून ओरडायचात, "तां मागसून! आधी सांग, दम कधी लागलो?" मला तो तुमचा तऱ्हेवाईकपणा वाटायचा. आज तुमच्याच क्रमानं सांगते.

तुम्हाला जाऊन दोन आठवडे झाले. परवा तेरावं झालं. व्यायामशाळेच्या फळ्यावर कुणीतरी रंगीत खडूनं तुमचं नाव, वय, वर्कशॉपातली फिटरची नोकरी, बॉक्सिंग शिकवलेली वर्षं, सगळं सुबक अक्षरात लिहिलं आहे. सगळं खरं आहे, पण त्यात तुम्ही सापडत नाही. माझ्याकडचे तात्या म्हणजे खांद्यावर पंचा, पायात रबरी चपला आणि बोटांनी मांडीवर सतत धरलेला कसला तरी ठेका. शिवाय एक भांडण. सात वर्षं ते तुम्ही आणि मी मिळून चालवलं. आता ते माझ्या एकटीकडे आलं आहे.

लांज्याहून बारावी करून मी कॉलेजसाठी लालबागला मामाकडे आले, तेव्हा बॉक्सिंगशी माझं काही देणंघेणं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. बाबा पिठाच्या गिरणीवर, आई काजूच्या फॅक्टरीत. शाळेत कबड्डी खेळायचे, तेवढ्या ओळखीवर मी व्यायामशाळेच्या दारात उभी राहिले.

"मुलींची कबड्डी नाय इथे," तुम्ही म्हणालात.

"मग काय आहे?"

"मार खावचो आसा. शिकतलंस?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. "खंयचा गो तू?" विचारलंत. लांजा म्हटल्यावर म्हणालात, "मगे अर्धी घरचीच." तुमचं गाव कणकवलीकडचं. तेव्हापासून मी तुमच्यासाठी दर्शना कधी झालेच नाही, लांजेकरीणच राहिले.

आपली ती बॅग तुम्ही स्वतः शिवलेली. बाहेरून ताडपत्री आणि आत हिंदमाताच्या शिंप्यांकडून पोती भरून आणलेल्या कापडाच्या कातरणी. शिवण उसवली की ठोशासरशी एखादा जरीचा तुकडा खाली पडायचा. "फाडलंस गो कोणाच्या तरी लग्नाचो ब्लाउज," तुम्ही म्हणायचात, आणि संध्याकाळी दाभण घेऊन शिवत बसायचात. पहिलं वर्षभर मी त्या बॅगेवर हात चालवले. हात चांगले चालायला लागले आणि तिथेच माझं घोडं पेंड खायला लागलं. भराभर ठोसे मारणारी मुलगी समोर आली की मी हमखास हरायचे. तिनं पाच मारले की मी सहा मारायला जायचे. तिनं दहा मारले की माझे बारा. तिसऱ्या फेरीत मी नुसती उभी असायचे.

दुसऱ्या वर्षी अशाच एका पराभवानंतर तुम्ही म्हणालात, "गुरुवारी संध्याकाळी भजनाक ये."

मला वाटलं, मनःशांतीसाठी बोलावता आहात. चाळीतल्या त्या भजनाच्या खोलीत तुम्ही पखवाज घेऊन बसला होतात. माझ्या हातात टाळ दिलेत आणि बजावलंत, "वाजवू नको. ठेको फिरून पहिल्या मात्रेवर इलो, म्हणजे समेवर इलो, की फक्त एकदा." तीन गुरुवार मी टाळ धरून बसले. पहिल्या गुरुवारी प्रत्येक वेळी चुकले. कधी आधी, कधी नंतर. पेटीवरचे बुवा गाणं थांबवून म्हणाले, "तात्यानु, ह्यां चेडू झोपला की काय?" खोली हसली. माझे कान लाल झाले. तुम्ही ठेका पुन्हा पहिल्यापासून धरलात. तिसऱ्या गुरुवारी माझा टाळ सहा वेळा लागोपाठ बरोबर पडला. तेव्हा पखवाज वाजवता वाजवता तुम्ही नुसती मान हलवलीत.

मग जिन्यात उभं राहून जे सांगितलंत, ते मी अजून मुलींना शब्दाला शब्द सांगते.

"जी भराभर मारता, ती ताशा. ताशाक थांबूक येना नाय. तो थांबलो की लोकांका कळता, आत काय नाय. पण ताशा वाजवणारो माणूसच ना? श्वास घेवचोच लागतलो. तिचो श्वास ती तुझी सम. बाकीच्या वेळी तू टाळ धरून गप बस."

मी म्हटलं, "गप बसले तर पंच तिलाच गुण देतील ना?"

"गप म्हणजे पडान नाय गो! पाय चालू ठेव."

त्यानंतर महिनाभर तुम्ही माझ्याकडून पायच घोटून घेतलेत. सरळ मागे जायचं नाही, सरळ मागे गेलं की तिला रस्ता मोकळा मिळतो आणि ताशेवाल्याला मिरवणुकीचा रस्ताच हवा असतो. अर्धं पाऊल मागे, मग तिच्या पुढच्या पायाच्या बाहेरून बाजूला. तिला वळावं लागतं. वळताना पाय जुळवावे लागतात आणि पाय जुळवताना हात थांबतात. तेवढ्यात आपला एक सरळ ठोसा, स्वच्छ, पंचांना दिसेल असा. ती सुरू व्हायच्या बेतात असते तेव्हा खांदा किंचित उचलते, तेव्हाही एक, म्हणजे तिचं पहिलंच अक्षर अडखळतं. पहिल्या फेरीत पोटावर मारायचं. त्याचं काही वाटत नाही कुणाला, टाळ्याही पडत नाहीत, पण पहिल्या फेरीतला पोटावरचा ठोसा तिसऱ्या फेरीत लागतो. आवाजाला भ्यायचं नाही. तिच्या दहातले सात आपल्या हातमोज्यांवर आणि दंडांवर पडतात, वाजतात फार, दुखत नाहीत. आणि अगदीच अंगावर आली तर मिठी मारायची, एक हात बगलेत धरायचा, पंच सोडवायला येईपर्यंत दोन श्वास घ्यायचे.

मिठीला मी लाजायचे. लांज्याच्या मुलीला कुणी असं शिकवलेलं नसतं. तुम्ही काकींना चूल सोडून बोलावून आणलंत आणि म्हणालात, "हिका जरा धर." काकींनी मला अशी काही धरली की बरगड्या वाजल्या. "पंचवीस वर्षां ह्यांका धरून ठेवलंय," त्या म्हणाल्या, "तू काय मोठी."

एवढं सगळं शिकून मी तिसऱ्या वर्षाला असताना फायनलला पोचले. समोर पुण्याची मुलगी, नंबर एकची ताशा. वडाळ्याला मैदानात मांडव घालून रिंग उभारली होती. आणि मला धीर द्यायला आपलं अख्खं भजनी मंडळ आलं होतं, टाळ-झांजांसकट. पहिली फेरी मी तुम्ही सांगितल्यासारखी खेळले. तिचा श्वास मला सापडला होता. आठ ठोसे, मग तोंड उघडून एक श्वास. दुसऱ्या फेरीत माझे दोन ठोसे बरोबर त्या श्वासावर बसले आणि बुवांना राहवलं नाही. त्यांनी झांज उचलली. त्यांच्या मागून सगळ्यांनी. मांडवात द्रुत लय सुरू झाली.

तात्या, ती लय माझ्या ओळखीची होती. दर गुरुवारी मी तिच्यात बसत होते. माझे हात आपोआप तिच्यावर चालायला लागले. मी ठोशाला ठोसा द्यायला लागले, आणि पुण्याच्या मुलीला तर काय, घरबसल्या वाजंत्री मिळाली. झांज वाढेल तशी ती वाढली. तुम्ही कोपऱ्यातून मागे वळून आपल्याच मंडळावर ओरडलात, "वाजवू नकात रे! मारतल्यात पोराक!" बुवांना वाटलं तुम्ही उत्साहात आहात. त्यांनी आणखी जोर लावला.

तिसऱ्या फेरीत शेवटची चाळीस सेकंदं उरली होती. मी दोरांना टेकले होते, पण हात वर होते, डोळे उघडे होते, आणि तिचा श्वास मला पुन्हा सापडला होता. आठ, श्वास. आठ, श्वास. पुढच्या आठनंतर मी मारणार होते. तेव्हा माझ्या पायाशी तुमचा पंचा येऊन पडला.

कोपऱ्यातून पंचा पडला की त्या खेळाडूनं हार मानली असं धरतात; पंचांनी लढत थांबवली. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खाली वाकून पाण्याची बाटली बंद करत होतात.

"चाळीस सेकंद होती," मी म्हटलं.

"होय."

"तिचा श्वास सापडला होता मला!"

"आणि तुझो खंय होतो?"

मला तो टोमणा वाटला. दम कमी पडला, म्हणता आहात, असं वाटलं. मी आठ महिने तुमच्याशी बोलले नाही.

त्याच आठवड्यात मामानं हे सगळं फोनवर आईला सांगितलं. आई मुंबईला कधी आली नव्हती, तुम्हाला तिनं पाहिलं नव्हतं. पंधरा दिवसांनी गावाहून येणाऱ्या शेजाऱ्याबरोबर तिनं दोन किलो काजू पाठवले. चिठ्ठीवर माझं नाव नव्हतं. "तात्यांना देणे." मी फोन करून तिच्यावर चिडले. "त्यांनी माझी फायनल घालवली आणि तू त्यांना काजू पाठवतेस?" आई म्हणाली, "देऊन ये," आणि फोन ठेवला. मी स्वतः दिले नाहीत. मामाच्या हाती पाठवले.

त्या आठ महिन्यांचं एक तुम्हाला कधी सांगितलं नाही. मामाच्या खोलीत आम्ही सात माणसं होतो. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास करायला जागा नव्हती. एके दिवशी मामी सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "भजनाच्या खोलीची चावी बाहेर खिळ्याला असते हल्ली." मी गेले. चावी होती. आत दोन खोक्यांवर कॅरमबोर्ड उलटा घालून टेबल केलं होतं, आणि वर नवा दिवा. मी रोज जायचे. तुम्ही जिन्यात दिसलात तर मान फिरवायचे. तुम्हीही एक शब्द बोलला नाहीत. परीक्षेच्या पंधरवड्यात गुरुवारचं भजन गच्चीवर झालं, हे मला फार नंतर बुवांकडून कळलं. "पेटी चार मजले वर चढवली आम्ही तुझ्या इतिहासापायी," ते म्हणाले, "आणि तात्यान सांगल्यान, हिका सांगू नकात."

निकाल लागला त्या दिवशी गुणपत्रिका घेऊन मी व्यायामशाळेत आले. आमच्या घरातली पहिली पदवी. तुम्ही चष्मा शोधलात, कागद लांब धरून नीट वाचलात. आठ महिन्यांनी तुमचा पहिला प्रश्न:

"दम कधी लागलो?"

"इतिहासाच्या दुसऱ्या पेपरला," मी म्हटलं.

"मगे काय केलंस?"

"दोन श्वास घेतले. सोपा प्रश्न आधी सोडवला."

तुम्ही कागद घडी न पाडता परत दिलात. तेवढंच. पण आज गिरगावातल्या शाळेत मुलांना खेळ शिकवते, पगारावर सही करते, तेव्हा त्या उलट्या कॅरमबोर्डाची आठवण येत नाही असा महिना जात नाही. हे तुम्ही असताना तोंडावर सांगायला हवं होतं. मंगळवार-शनिवार तुमच्या शेजारी उभी राहून मुलींना शिकवायचे, तेव्हा शंभर वेळा संधी होती. मी दर वेळी भांडणच काढायचे. "चाळीस सेकंद, तात्या." तुम्ही म्हणायचात, "मोज तू. सेकंदां मोजूक तुका बरी येतत."

शेवटचं बोलणंही तेच. मंगळवारी तुम्ही म्हणालात, "जान्हवीच्या फायनलाक कोपऱ्यात तू उभी रव. रिंगाच्या त्या तीन पायऱ्यो आता माझ्याच्यान होणत नाय." मी म्हटलं, "मी उभी राहिले तर पंचा टाकणार नाही हं." तुम्ही चपला शोधत होतात. म्हणालात, "मगे बोलू. फायनल झाल्यावर."

गुरुवारी दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात. काकी म्हणाल्या, मांडीवर बोटं चालू होती, त्या ताटं उचलून परत आल्या तेव्हा थांबली होती.

तिसऱ्या दिवशी मी आणि जान्हवी काकींकडे गेलो. जान्हवीला तुम्ही शिवडी कोळीवाड्यातून उचलून आणलेली. एकोणीस वर्षांची, तोंडानं तिखट, लालबागच्या बाजारात मासे विकणाऱ्या आईबरोबर पाट्या उचलून खांदे तयार झालेले. ती रडत म्हणाली, "मी नाय खेळणार. तात्या गेले, आणि मी काय मारामाऱ्या करू?"

काकींनी डोळे पुसले. "सुतक आमका आसा. तुका खंयचा? फुडल्या रविवारी खेळूचा नाय म्हटलंस तर ह्यांच्या पिंडाक कावळो शिवाचो नाय." मग आत जाऊन पंचा घेऊन आल्या. धुतलेला, घडी केलेला. "ह्यांच्या कपड्यांबरोबर ह्यो पण जावचो होतो. मी काढून ठेवलंय." त्यांनी तो माझ्या हातात दिला, जान्हवीच्या नाही.

समोर ठाण्याची मुलगी होती. गेल्या वर्षी तिनंच जान्हवीला हरवलं होतं. दुसरी ताशा. आठवडाभर आम्ही पाय घोटले. अर्धं पाऊल मागे, मग बाजूला. जान्हवी घाम पुसत विचारायची, "ताई, तू सांगतेस ते सगळं तू केलं होतंस फायनलला?"

"निम्मं."

"आणि?"

"हरले."

"मग माझ्यासमोर कशाला शहाणपणा करते?"

"कारण कुठलं निम्मं राहिलं ते मला माहीत आहे," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं.

शनिवारी तुमचं दहावं झालं. कावळा लगेच शिवला, तात्या. काकी म्हणाल्या, "बघ, काळजी नाय त्यांका." रविवारी आम्ही पुन्हा वडाळ्याला. भजनी मंडळ आलं होतं. बुवांनी लांबूनच दोन्ही पंजे उघडून दाखवले. रिकामे. "झांजा घरी कुलपात ठेवल्यो," ते म्हणाले, "आणि चावी बायलेकडे."

जान्हवी पहिल्या फेरीपासून फार सुंदर खेळली. तुम्ही बघायला हवं होतं. ठाण्याची मुलगी सुरू होण्याच्या बेतात खांदा उचलायची आणि जान्हवीचा डावा हात तिच्या कपाळावर पोचलेला असायचा. दोनदा जान्हवी सरळ मागे गेली, मी ओरडले, पुन्हा नाही गेली. पोटावर तीन बसले, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मी मनात वाजवल्या. दुसऱ्या फेरीत एकदा मिठी मारून तिनं माझ्याकडे पाहून चक्क डोळा मारला. विश्रांतीत मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "सहानंतर श्वास घेते ती, ताई. सहा." मी म्हटलं, "तू घे." आपण पुढे होतो. मांडवातल्या प्रत्येकाला ते दिसत होतं.

तिसऱ्या फेरीच्या मध्यावर एक ठोसा वरून आला. जान्हवीच्या कानामागे लागला. ती पडली नाही, मोजणीही झाली नाही. हात वर, डोळे उघडे. पण पाय बाजूला जायचे थांबले आणि ती दोरांना टेकली. ठाण्याची मुलगी उरलंसुरलं सगळं बळ घेऊन अंगावर आली.

तेव्हा मला कळलं की मी ठाण्याच्या मुलीकडे बघतच नव्हते. सबंध लढतभर मी एक आवाज ऐकत होते. जान्हवी ठोसा मारताना, चुकवताना, दातांतून श्वास सोडते ना, तो बारीक "हिस्". तुम्हीच शिकवलेला. पहिल्या फेरीपासून तो माझ्या कानात होता, ठेका धरल्यासारखा, आणि आता तो नव्हता. हात वर होते, डोळे उघडे होते, समोरचीचा श्वास ती मोजतही असेल. पण तिचा स्वतःचा श्वास आत अडकला होता. असं अडकलेलं माणूस पुढचा ठोसा घेतं तो हाडावर, अंगात सोडून द्यायला काही उरलेलं नसतं.

आणि तुमचं वाक्य मला सात वर्षांनी ऐकू आलं. "तुझो खंय होतो?" तुम्ही विचारत होतात, तात्या. मी टोमणा समजले. आम्हाला समोरच्याचा श्वास मोजायला शिकवलात आणि स्वतः सगळा वेळ आमचा मोजत बसलात. मांडवात झांजा वाजत असताना तुम्ही माझा श्वास ऐकायची धडपड करत होतात, म्हणून ओरडत होतात मंडळावर.

घड्याळात वीस सेकंदं होती. मी आणखी एक ठोसाभर वाट पाहिली. "हिस्" आला नाही. मी पंचा टाकला.

जान्हवीनं आधी पंचाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वीस सेकंद!" ती किंचाळली. "पुढे होते मी! वीस सेकंद, ताई!"

मी तिला म्हटलं, "तुझा आवाज बंद झाला होता."

"कसला आवाज? वेडी झालीस काय तू?"

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत टॉर्च मारून पाहिलं, बोटं दाखवली, चालायला लावलं. "ठीक आहे," म्हणाले. ती ठीक होती. तिनं तेही माझ्या तोंडावर फेकलं. "ऐकलंस? ठीक आहे मी!" आणि आईबरोबर टॅक्सीत बसून गेली.

मांडव रिकामा होईपर्यंत मी बसून होते. मला वाटलं होतं, तुमचं बरोबर होतं हे कळलं की भांडण मिटेल. तसं झालं नाही. कदाचित जान्हवी वीस सेकंदं काढू शकली असती. कदाचित मीही चाळीस काढली असती. तुम्हाला तरी कुठे माहीत होतं? जो ठोसा बसलाच नाही, त्याचा पुरावा आणणार कुठून? म्हणून तुम्ही सात वर्षं बाजू मांडली नाहीत. मी दर वेळी सेकंदं मोजून दाखवायचे आणि तुम्ही ऐकून घ्यायचात. धडधाकट उभी राहून मी भांडते आहे, एवढंच तुम्हाला पुरत असावं.

पंचा घरी आणून धुतला. गॅलरीत वाळत घातला.

परवा, तेराव्याचं जेवण आटपून व्यायामशाळेत आले, तर बाकड्यावर जान्हवीची आई बसलेली. बाजारातून परस्पर आलेली, रिकामी पाटी पायाशी. या बाईनं आजवर मला दोन वाक्यांपलीकडे काही म्हटलेलं नाही. मी धास्तावले.

"बोलली काय तुझ्याशी?" तिनं विचारलं.

"नाही, मावशी."

"माझ्याशी पन नाय बोलत. जेवते पन. काल दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या रागानं." तिनं पाटीतून वर्तमानपत्राचा पुडा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. सुके बोंबील, निवडून घेतलेले, एका मापाचे.

"मावशी, हे कशाला? मी तर तिची फायनल..."

"फायनल-बियनल तुमचं तुमी बघा," ती पाटी उचलत म्हणाली. "मी तिथं मांडवात डोळं मिटून बसले हुते. उघडले तवा पोरगी उभी हुती." आणि गेली.

पुडा मी मांडीवर तसाच ठेवला. मग आईला फोन लावला. म्हटलं, "आई, ते काजू..." ती म्हणाली, "कुठले काजू?" विसरली होती. मी म्हटलं, "काही नाही. जेवलीस का?"

तर तात्या, तुम्ही विचारलं असतंत त्या क्रमानं: दम तिसऱ्या फेरीत लागला, कानामागचा ठोसा बसल्यावर लगेच. त्याआधी श्वास छान होता. पायांबद्दल तक्रार नाही. निकाल: आपण हरलो.

जान्हवी अजून बोलत नाही. पण व्यायामशाळेची चावी मी बाहेर खिळ्याला ठेवली आहे, आणि आज संध्याकाळी आले तेव्हा कुलूप लावलेलं असूनही बॅग अजून हलकेच झुलत होती. खाली जरीचा हिरवा तुकडा पडला होता. उजव्या अंगाची शिवण चार बोटं उसवली आहे. फार रागानं मारलंय पोरीनं, पण एकाच जागी, नेमकं पोटाच्या उंचीवर.

दाभण तुमच्या जागीच सापडलं. शिवायला बसते.